इंदुरी खत आणि आमचे बारा बिघे

इंदूरला पाहुणे आले की त्यांना काय दाखवायचं हे आपल्या घरांत ठरलेलं असतं. सकाळी पोहे-जलेबी, मग राजवाडा आणि लालबाग, संध्याकाळी खजराना, रात्री सराफा. मुक्काम वाढला तर महेश्वर किंवा मांडू. या यादीत कृषी महाविद्यालयाचं नाव मी कधी ऐकलेलं नाही. व्हाइट चर्चकडून पिपल्याहानाकडे जाताना त्याच्या कडेने आपण शंभर वेळा गेलेलो असतो. आत झाडं दिसतात, शेतं दिसतात, आणि आपण पुढच्या सिग्नलची काळजी करत निघून जातो.

पण जगातल्या शेतीच्या पुस्तकांत इंदूरचं नाव सगळ्यात जास्त वेळा छापलं गेलं ते याच जागेमुळे. 'इंदूर पद्धत' हा शब्द इंग्लंड-अमेरिकेतल्या बागकाम करणाऱ्यांनाही ठाऊक आहे. आपल्या गावात मात्र तो विचारला तर लोक पोह्यांची पद्धत सांगतील.

यंदा एप्रिलमध्ये मी तिथे गेले त्याला कारण घरचं होतं. देवगुराडियाच्या पुढे, नेमावर रस्त्यापासून थोडी आत, आजोबांनी घेतलेली बारा बिघे जमीन आहे. आजोबांनंतर बाबा आणि काका नोकरीत गेले आणि जमीन खंडाने दिली जाऊ लागली. दर आखातीजेला वर्षभराचा करार, खंड रोख, आणि वर्षातून एकदा हुरड्याला जाणं, एवढाच आमचा तिच्याशी संबंध.

या वर्षी तीन गोष्टी एकदम आल्या. कॉलनी काढणाऱ्या एकाचा जमीन विकता का म्हणून निरोप आला. जमीन कसणारे दादा खंड कमी करा म्हणाले. "माती थकली आहे ताईजी. युरिया दरवर्षी वाढवतो, सोयाबीन तेवढंच निघतं." आणि बी.एस्सी.ला असलेल्या माझ्या पुतणीने मातीचा नमुना तपासून आणला. त्यात सेंद्रिय कर्ब निघाला 0.38 टक्के.

काकांचं वय आता ब्याऐंशी. ते म्हणाले, "आखातीजेच्या आत सगळ्यांनी बसून ठरवा. विकायची, आहे तशी द्यायची, की आणखी काही करायचं. माझ्यानंतर भांडू नका." त्या बैठकीत मला बोलायचं होतं, आणि बोलायच्या आधी स्वतः बघून यायचं होतं. पुतणी आणि भाचा बरोबर निघाले.

0.38 म्हणजे काय?

गाडीत बसल्या बसल्या भाच्याने पहिला प्रश्न हाच विचारला. पुतणीने सांगितलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल.

मातीत पानं, मुळं, शेण, मेलेले किडे कुजून जो काळसर अंश तयार होतो त्याला ह्यूमस म्हणतात. तपासणीत तो सेंद्रिय कर्बाच्या रूपात मोजतात. आपल्याकडच्या मोजमापात 0.5 टक्क्यांच्या खाली कर्ब कमी समजतात, 0.5 ते 0.75 मध्यम आणि त्याच्या वर चांगला. आकडा लहान दिसतो, पण मातीतल्या जिवाणूंचं आणि गांडुळांचं सगळं घर त्यावर चालतं. ह्यूमस असला की मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, मध्ये हवा-पाणी शिरायला जागा राहते, आणि टाकलेलं खत पाण्याबरोबर वाहून न जाता मुळांजवळ थांबतं. ह्यूमस गेला की तेच खत जास्त टाकावं लागतं. दादांच्या 'थकली' या शब्दाचा अर्थ हाच.

माळव्याची काळी माती पाहून हे खरं वाटत नाही. काळी म्हणजे कसदार, असं आपण धरून चालतो. पण हा रंग कर्ब किती आहे ते सांगत नाही. लाव्ह्याच्या खडकापासून झालेली ही चिकण माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ती पाणी भरपूर धरते, म्हणून जुन्या काळी इथे पावसाळ्यात बरीचशी रानं मोकळी ठेवून मुरलेल्या ओलीवर थंडीत गहू-हरभरा घेत. 1970 नंतर सोयाबीन आलं आणि ती मोकळी रानं भरली. घरोघरी पैसा आला, पक्की घरं झाली, मुलं शिकली. पण त्याच काळात बैल गेले, गोठे लहान झाले, आणि मातीला परत मिळणारं शेणखत आटलं.

बैलगाडीच्या चाकाखालच्या पऱ्हाट्या

महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारून आम्ही आत गेलो. बाहेर रस्त्यावर डांबर वितळत होतं. आत मोठ्या झाडांखाली शिरल्यावर ऊन एकदम मऊ झालं. शहर चारही बाजूंनी अंगावर आलेलं, आणि मध्ये ही शेतं. गव्हाची कापणी होऊन गेली होती. एका कडूनिंबाखाली बसून पुतणीने मोबाइलवर 1931 सालचं एक पुस्तक उघडलं आणि आम्ही जिथे बसलो होतो तिथलीच गोष्ट वाचायला लागलो.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ 1905 मध्ये बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेत आले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही तेवढ्याच तयारीच्या वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून गव्हाच्या नव्या जाती काढल्या. पण हॉवर्डना खटकत होतं ते हे, की एक विभाग फक्त बुरशी बघतो, दुसरा फक्त कीड, तिसरा फक्त रसायन, आणि अख्खं शेत कोणीच बघत नाही. पुसाच्या आसपासचे शेतकरी आणि पिकांवरची कीड हे आपले खरे गुरू, असं ते पुढे आवर्जून सांगत.

अख्खं शेत बघायची संधी त्यांना इंदुरात मिळाली. 1924 मध्ये तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकिर्दीत संस्थानाने सुमारे 300 एकर जागा दिली, कापूस समितीने आणि मध्य भारतातल्या संस्थानांनी पैसा दिला, आणि इथे 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' उभी राहिली. ती जागा म्हणजेच आजचं हे महाविद्यालय. ते आता ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे कृषी विश्वविद्यालयाशी जोडलेलं आहे.

प्रश्न त्या वेळीही आजच्यासारखाच होता. शेण चुलीत गोवऱ्या होऊन जळत होतं. उरलेलं उकिरड्यावर उन्हापावसात पडून अर्धं वाया जात होतं. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या कुजत नव्हत्या. थोड्या शेणात भरपूर खत कसं करायचं, याचं उत्तर इंदुरात शोधलं गेलं.

पऱ्हाट्या आणि तुराट्या शेतातल्या रस्त्यांवर पसरायच्या. बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप चिरडल्या जात. तो भुगा, पालापाचोळा आणि तण हे सगळं गोठ्यात बैलांच्या पायाखाली अंथरायचं. रात्रभरात त्यात शेण-मूत मुरलं की ते सुमारे 30 फूट लांब, 14 फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल खड्ड्यात थर देऊन भरायचं. त्यावर गोठ्यातली मूत मुरलेली माती, चुलीतली राख आणि शेणाचा पातळ काला शिंपायचा. खड्डा मुद्दाम उथळ, कारण कुजवणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. तीन वेळा वरखाली करायचं, ओल सांभाळायची. तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, वास नसलेलं खत तयार.

आपला उकिरडा आणि हे खत यात फरक हवेचा, ओलीचा आणि वेळेवर हलवण्याचा आहे. विकत घेण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

"आणि हे कोणी लिहिलं बघ," पुतणी म्हणाली. मुखपृष्ठावर दोन नावं होती. एक अल्बर्ट हॉवर्ड, दुसरं यशवंत डी. वाड, याच संस्थेतले रसायनशास्त्राचे जाणकार. भाच्याने लगेच विचारलं, "हे आपल्यातलेच का गं?" नाव वाचून मलाही तसंच वाटलं. हॉवर्डचं नाव जगभर गेलं आणि वाडांचं पुस्तकाच्या मुखपृष्ठावर राहिलं. इंदूरच्या मराठी माणसांनी तरी ते लक्षात ठेवायला हवं.

गॅब्रिएल 1930 मध्ये गेल्या आणि पुढच्याच वर्षी हॉवर्डनी इंदूर सोडलं. 1940 मध्ये त्यांचं 'अॅन अॅग्रिकल्चरल टेस्टामेंट' निघालं, ते त्यांनी गॅब्रिएलना अर्पण केलं. त्याआधी, 1935 च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले असताना त्यांनी ही संस्था पाहिली होती, आणि त्याच वर्षी 'हरिजन'मधून लोकांना या खताची ओळख करून दिली.

हॉवर्डची पुस्तकं वाचून अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी 1942 मध्ये सेंद्रिय शेतीचं मासिक सुरू केलं. त्यांचा मुलगा रॉबर्ट याने 1980 च्या दशकात 'रिजनरेटिव्ह', म्हणजे मातीला पुन्हा उभं करणारी शेती, हा शब्द रुजवला. आज तो शब्द मोठमोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींत दिसतो आणि आपल्याला वाटतं काहीतरी नवीन परदेशातून आलं. त्याच्या वंशावळीत बरंच वर पिपल्याहानाचा पत्ता आहे.

देवगुराडियाच्या पायथ्याशी

दुपारनंतर तीन इमली चौकातून आम्ही नेमावर रस्त्याला लागलो. देवगुराडियाची टेकडी आणि तिच्यावरचं महादेवाचं देऊळ लांबूनच दिसतं. आमच्या लहानपणी इथे शिवरात्रीची जत्रा आणि शहराच्या कचऱ्याचे डोंगर, दोन्ही होतं. डोंगर आता गेले. 19 फेब्रुवारी 2022 ला इथे ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा मोठा कारखाना सुरू झाला. सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता दिवसाला 550 टन ओला कचरा घेऊन सुमारे 17 हजार किलो सीएनजी आणि 100 टन खत देण्याची होती.

सकाळी घंटागाडी आली की आपण हिरव्या डब्यातली भाजीची देठं, केळीची सालं टाकतो आणि मोकळे होतो. ती सालं कुठल्या तरी शेतातून आलेली असतात. तिथली माती घेऊन ती शहरात येतात. म्हणून ती परत शेतात जाणं हा साधा हिशेब आहे. हॉवर्ड याला परतफेडीचा नियमच म्हणत. देठाला प्लास्टिकची पिशवी आणि फुटलेल्या काचेचा तुकडा चिकटून गेला तर मात्र ते खत शेतकरी नाकारतो, आणि त्याचं बरोबर आहे. ओला-सुका वेगळा करण्याचा कंटाळा येणाऱ्यांनी एकदा तो डबा शेतकऱ्याच्या नजरेने बघावा.

"पुढच्या वर्षी कोण?"

आमच्या शेतावर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. वाटेत दोन्ही बाजूंना काही रानं काळी ठिक्कर पडलेली. ती माती नव्हती, राख होती. गव्हाचं यंत्राने कापणं झालं की उरलेली धसकटं, इकडे तिला नरवाई म्हणतात, पेटवून देतात. जिल्हा प्रशासन बंदीचे हुकूम काढतं, दंडही करतं, तरी आगी लागतात. पेटवलं की रान एका संध्याकाळी मोकळं होतं. त्याबरोबर वर्षभराचा काडीकचरा आणि वरच्या थरातला जीवही जातो.

दादांनी आमची नरवाई जाळलेली नव्हती, पण रोटाव्हेटरने दोनदा बारीक केलेलं रान पिठासारखं झालं होतं. पुतणीने पिशवीतून दोन काचेच्या बरण्या काढल्या आणि पाणी भरलं. एकीत आमच्या रानातलं सुकं ढेकूळ सोडलं, दुसरीत बांधावरच्या बाभळीखालचं, जिथे नांगर कधी लागलेला नाही. आमचं ढेकूळ बघता बघता विरघळून पाणी गढूळ झालं. बाभळीखालचं बराच वेळ आकार धरून राहिलं. माती तीच, अंतर वीस पावलांचं.

दादा उकिडवे बसून दोन्ही बरण्यांकडे बघत राहिले. मी विचारलं, "दादा, तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

ते हसले. "ताईजी, माझी स्वतःची तीन बिघे आहेत ना गावाजवळ. चला, तिथली माती दाखवतो."

त्यांची तीन बिघे आम्ही पाहिली. तिथे दोन म्हशींचं शेण जातं. बांधावर तूर लावतात. सोयाबीन रुंद वाफ्यावर पेरतात, म्हणजे जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं. काळ्या मातीत पाणी साचलं की मुळं गुदमरतात, म्हणून इंदूरची सोयाबीन संशोधन संस्थाही हीच पद्धत सांगते. फावड्याने माती उलटली तर एप्रिलच्या उन्हातही खाली ओल होती.

"मग आमच्या रानात हे का नाही करत?" भाचा पटकन बोलून गेला.

दादांनी रागावून उत्तर दिलं नाही. "शेणखत एकदा टाकलं की तीन वर्षं पिकाला लागतं. तुमचा कागद एका वर्षाचा. या वर्षी मी. पुढच्या वर्षी कोण?"

एवढं साधं गणित होतं. एका वर्षासाठी घेतलेल्या रानात माणूस त्याच वर्षी पैसे परत देणाऱ्या गोष्टी टाकणार, म्हणजे युरिया आणि औषध. खड्डा खणणं, शेणखत, बांधावर झाडं, यांचं फळ ज्याला मिळेल याची खात्री आहे तोच ते करील. माती सुधारण्याच्या सगळ्या चर्चेत आपण पद्धतींवर बोलतो: कमी नांगरट, आच्छादन, फेरपालट, गुरं. करार किती वर्षांचा यावर कोणी बोलत नाही.

आपल्या घरांत करार वर्षाचाच ठेवण्यामागे भीती असते. कूळ लागेल, जमीन जाईल. ही भीती तीन पिढ्यांची आहे. पण मध्य प्रदेशात 2016 मध्ये भूमिस्वामी आणि बटईदार दोघांच्या हिताचं रक्षण करणारा कायदा झाला. त्यानुसार पाच वर्षांपर्यंतचा लेखी करार करता येतो, आणि त्याने मालकी हक्क कुठे जात नाही. काकांच्या ओळखीच्या वकिलांकडून आम्ही हे नीट समजून घेतलं. तुम्हीही आपल्या वकिलांना विचारूनच कागद करा.

बैठक

आखातीजेच्या चार दिवस आधी सगळे जमले. पुण्याचा चुलत भाऊ व्हिडिओवर होता. त्याचं म्हणणं विकून मोकळं व्हावं. ते चुकीचं नव्हतं, त्याच्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च समोर आहे. आत्या म्हणाली, "आईचे दागिने मोडून घेतलेली जमीन आहे ती." पुतणीने दोन्ही बरण्या टेबलावर ठेवल्या. रात्री साडेदहापर्यंत बोलणं चाललं, दोनदा आवाज चढले, मध्ये श्रीखंड-पुरी झाली.

शेवटी ठरलं ते असं. पाच वर्षं विकायची नाही, मग पुन्हा बसायचं. पुण्याच्या भावाला त्याच्या वाट्याचा खंड दरवर्षी पूर्ण द्यायचा, कमी पडेल ते आम्ही बाकीच्यांनी भरायचं. दादांशी पाच वर्षांचा लेखी करार. पहिली दोन वर्षं खंड चौथ्या हिश्शाने कमी. त्या बदल्यात नरवाई जाळायची नाही, रोटाव्हेटर वर्षातून एकदाच, सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी, आणि बांधाजवळ खताचे दोन खड्डे, तीस फूट बाय चौदा. खणायचा खर्च आमचा, भरणं त्यांचं. युरिया एकदम बंद करा असं आम्ही म्हटलं नाही. त्यांचं घर त्या पिकावर चालतं. माती जशी सावरेल तसा तो कमी होईल.

पाच वर्षांत 0.38 चे किती होतील हे कोणी सांगू शकत नाही. इकडच्या उन्हात कर्ब लवकर जळतो आणि हळू साठतो. 0.5 ओलांडला तरी आम्ही पेढे वाटू.

आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत एखादी जुनी खसरा-पावती कपाटात असेल. देवासजवळ, महूकडे, उज्जैनच्या वाटेवर. जमीन कोण कसतं आणि त्यांना किती वर्षांचा शब्द दिला आहे, एवढं घरात विचारून बघा. मातीचा नमुना घेणं अवघड नाही. शेतात आठ-दहा ठिकाणी वरचा पाला बाजूला करून इंग्रजी व्हीच्या आकाराचा अर्धा फूट खोल खड्डा करायचा, बाजूची माती खरवडून घ्यायची, सगळी एकत्र करून सावलीत वाळवायची आणि त्यातली अर्धा किलो द्यायची. बांध, झाडाखालची जागा आणि खताचा ढीग टाळायचा. मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा गोष्टी लिहून येतात, त्यातली सेंद्रिय कर्बाची ओळ आधी वाचा.

आमचा पुढचा नमुना येत्या एप्रिलमध्ये, त्याच आठ जागांवरून. मंडळातल्या मुलांपैकी ज्यांना यायचं असेल त्यांनी पुतणीला कळवा. सकाळी लवकर निघू, जाताना कृषी महाविद्यालय दाखवू, आणि दादांनी बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी कबूल केली आहे. टोपी, पाण्याची बाटली आणि दोन रिकाम्या बरण्या बरोबर आणा.